आणि साथी

कॅसेटच्या कागदावर पाच नावं आहेत.
गायक : नाजुकराव गजभिये, इंदोरा.
बेंजो : युसूफभाई. ढोलक : हरिदास डोंगरे.
शब्द : मनोहर बोदेले.
निर्मिती : वांढरे कूलरवाले.
आणि मग, कागद दुमडतो तिथं,
अर्धं घडीत गेलेलं :
आणि साथी.

माझी आई त्या घडीत आहे.

मांडीवर सूप, सुपात तेंदूपान,
बोटांना जर्द्याचा न जाणारा पिवळा रंग.
आई दिवसाला हजार विड्या वळायची
आणि संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस
त्यातल्या दीडशे छाटीत काढायचा.
छाटलेल्या विड्या तो फेकत नसे, हे सांगायला हवं.
त्या दुसऱ्या पोत्यात जायच्या.
तेही पोतं विकलं जायचं.

गाणं त्या पोत्यावर होतं.
चाल एका चालू सिनेमाची,
नटी बागेत पळते तसल्या गाण्याची.
बोदेले म्हणायचे, चाल कोणाच्या बापाची नसते,
शब्द तेवढे आपले घाला.
नाजुकराव वरच्या पट्टीत विचारायचे,
शेटजी, तुमच्या वहीत आमची बोटं कुठल्या पानावर?
आणि मागून चौघी, टाळीवर :
पुन्हा मोज.
एवढंच. दोन शब्द, बावीस वेळा.
मी मोजलेत.

संपाच्या सहाव्या दिवशी
बिनाकीच्या कारखान्यापुढं गाणं ठेवलं होतं.
नाजुकरावांना कमाल चौकातच उचललं.
पेटीही नेली, जशी काही पेटीच चिथावत होती.
फाटकापुढं दोनशे बाया उन्हात बसलेल्या,
कडेवर पोरं, गाणारा नाही,
आणि या चौघींना पाठ होते ते दोनच शब्द.

आई सांगते,
"आम्ही टाळी धरली न. मंग का करतो?
त्याच्या ओळीएवढी जागा सोडली
आन् म्हटलं, पुन्हा मोज.
पुन्हा जागा सोडली."
तिसऱ्या वेळी त्या रिकाम्या जागेत
सायत्रा उभी राहिली आणि म्हणाली,
एकशे चाळीस.
तिची कालची छाट.
पुन्हा मोज.
पंचफुला : दोनशे दहा.
पुन्हा मोज.
मागून एक म्हातारी, जिला शंभराच्या पुढं येत नव्हतं :
शंभर, आन् शंभर, आन् वरचे.
पुन्हा मोज.
मुनीमनं खिडकी लावून घेतली.
आतून कडी घातल्याचा आवाज, आई म्हणते,
बरोबर समेवर आला.

हे कुठल्याच कॅसेटवर नाही.

मजुरी आठ आणे वाढली.
छाट बंद झाली नाही, कमी झाली.
दोन वर्षांनी कारखानाच गोंदियाकडं गेला.
नाजुकराव सुटून आले ते बसलेला गळा घेऊन.
कॅसेट त्यानंतरची आहे,
नीट ऐकलं तर कळतं.

यंदा दीक्षाभूमीच्या रस्त्यावर
एका स्टॉलवर पोरगा पेनड्राइव्ह विकत होता.
चौसष्ट जीबी, चार हजार गाणी, ताई, घेऊन जा.
आणि त्याच्या खोक्याएवढ्या स्पीकरमधून
अचानक त्याच बाया.
खाली नवा ठेका, काळजात धम्म धम्म,
नाजुकराव कापून टाकलेले,
नुसतं पुन्हा मोज, पुन्हा मोज.
पांढऱ्या साड्यांतल्या पोट्ट्या खांद्यांनी डोलत उभ्या.
कशाचा हिशेब, त्यांना ठाऊक नव्हतं.
की असेल. मी विचारलं नाही.

घरी येऊन आईला ऐकवलं. म्हटलं, बघ, तुझा आवाज.
तिनं कान मोबाइलला लावला,
जसा पूर्वी दाराला लावायची, ठेकेदार आला का ऐकायला.
"ही सायत्रा.
ही पंचफुला. ही तुळजा.
मी कुठाय?
मले खोकला आला होता त्या टायमाले,
मी तोंड फिरवलं होतं.
शेवटच्या वेळी तिघीच आहेत, पाय."

मी वेळा मोजल्या होत्या.
आवाज मोजले नव्हते.

मी पॉज दाबून बसले. बाहेर कामठी रोडवरून
एक डीजेची गाडी चालली होती,
फळीवरचे डबे थरथरत होते.
"काहून थांबली?" आई म्हणाली.
"लाव न."